पूर्वजांच्या समाधीची निगा

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. तेथें एखाद्या तलावाच्या पाळीवरून, किंवा धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालतांना कडुनिंबाखालीं एखादा दगडी ओटा दृष्टीस पडतो. ओट्यावर कोठें पादुका असतात, कोठें लहानसें शिवलिंग, कोठें नुसतीं झिजलेलीं अक्षरें. गांवांतील वृद्धास विचारलें तर तो सांगतो कीं, ही अमक्या पाटलाच्या आज्याची समाधि. त्या पाटलाचीं नातवंडें आतां कोठें आहेत, असा दुसरा प्रश्न केला कीं उत्तर बहुधा ठरलेलें असतें: कोणी नागपुरास, कोणी पुण्यास, कोणी परदेशीं. ओटा मात्र जागचा हललेला नसतो. त्याची एक कड खचलेली असते आणि फटींतून पिंपळाचें रोप वर आलेलें असतें.

शहरांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना हें चित्र अपरिचित नाहीं. चार-सहा वर्षांनीं घरांतील कोणी तरी गांवीं जाऊन येतो आणि समाधीची अवस्था पाहवत नाहीं म्हणून सांगतो. चार भाऊ मिळून कांहीं रुपये पाठवितात, ओट्यावर सिमेंटचा एक हात फिरतो आणि पुन्हां दहा वर्षें सर्वत्र स्वस्थता नांदते. पुढच्या पिढींत तें शेत विकलें जातें आणि खरेदीखतांत ओट्याचा उल्लेखही नसतो. हें सर्व कृतघ्नपणामुळें घडतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. समाधि बांधण्याची व्यवस्था झाली, ती राखण्याची झाली नाहीं, इतकेंच याचें कारण आहे. ही दुसरी व्यवस्था कशी करावी आणि तिच्यांत काय साध्य व काय असाध्य आहे, याचा विचार प्रत्येक घरानें वेळींच केला पाहिजे.

मृतांचें स्मरण दगडांत जतन करण्याची चाल या भूमींत फार जुनी आहे. वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या पवनी येथें एक शिलास्तंभ सांपडला आहे. त्यावरील ब्राह्मी लेखावरून तो महाक्षत्रपकुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकस्तंभ, असल्याचें कळतें. त्याच्या वंशजांचा आज मागमूस नाहीं. त्याचें नांव राहिलें तें दगडावर कोरलें गेलें म्हणून. त्याच पवनीस १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें, तेव्हां प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आले. स्तूप हेंही एक प्रकारचें स्मारकच. परंतु तें कोणा एका घराण्याचें नव्हतें. त्याच्या कठड्याच्या दगडांवर निरनिराळ्या दात्यांचीं नांवें आढळतात. या दोन अवशेषांपासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, जें लिहिलें गेलें तेंच काळाच्या तावडींतून सुटलें. दुसरा असा कीं, मोठ्या स्मारकाचा भार एका घरानें नव्हे, अनेक हातांनीं उचलला होता.

हा भार उचलणारे हात नाहींसे झाले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण शोधण्यासाठीं भंडारा जिल्ह्याबाहेर जावयास नको. कोहळी समाजाच्या कुशल शेतकऱ्यांनीं व पुढें मालगुजारांनीं येथें तलाव बांधले. पाळ दरवर्षीं दुरुस्त करणें, सांडव्याचा गाळ काढणें, पाण्याच्या पाळ्या ठरविणें हीं कामें कोणाचीं, हें गांवांत सर्वांना ठाऊक असे. तेव्हां हा भाग मध्यप्रदेशांत मोडत होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट केली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. कुळांच्या दृष्टीनें ती न्यायाची गोष्ट होती. परंतु तलाव सरकारजमा झाले, आणि उद्यां सकाळीं फावडें घेऊन पाळीवर कोणीं जावयाचें, या प्रश्नाचें जुनें उत्तर पुसलें गेलें. नवें उत्तर सिद्ध होईपर्यंत कित्येक तलाव गाळानें भरले. समाधीचेंही तसेंच आहे. शेत कसणारा घरचा होता तोंपर्यंत ओट्यावरचें गवत आपोआप निघत असे, त्यासाठीं निराळी योजना लागत नसे. शेत बटईनें दिलें, मालक शहरांत गेला, आणि जें काम आपोआप होत होतें तें कोणाचेंच राहिलें नाहीं.

यावर पुष्कळांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे पैसा बाजूला ठेवणें. तो आवश्यक आहे, परंतु त्याचा हिशेब बहुधा चुकतो. रायगडावरील शिवाजीमहाराजांच्या समाधीची कथा या बाबतींत बोलकी आहे. १८८३ सालीं जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें आपल्या मुंबईविषयींच्या ग्रंथांत त्या समाधीच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधलें. त्यानंतर मुंबई सरकारनें तिच्या देखभालीसाठीं वार्षिक नेमणूक केली ती अवघ्या पांच रुपयांची. १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं हा प्रश्न हातीं घेऊन जनतेकडून निधि गोळा करण्यास आरंभ केला, आणि प्रत्यक्ष जीर्णोद्धारास पुढें विसाव्या शतकाचें तिसरें दशक उजाडलें. एवढ्या थोर पुरुषाच्या समाधीची जर ही गत, तर सामान्य कुटुंबानें केवळ श्रद्धेवर विसंबून राहणें कितपत शहाणपणाचें?

आतां घरगुती हिशेब पाहूं जावें. समजा, झाडलोट, गवत काढणें आणि वार्षिक डागडुजी यांस आज ३,००० रुपये लागतात, आणि ठेवीवर दर शेंकडा ७ व्याज मिळतें. या हिशेबानें सुमारें ४३,००० रुपयांचें मुद्दल पुरेल असें वाटतें. परंतु मजुरीचे व सामानाचे भाव दरवर्षीं शेंकडा ५ नें वाढत असतील, तर चौदा-पंधरा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि व्याज मात्र होतें तेवढेंच राहतें. मुद्दलाचें मोल टिकवावयाचें तर सातांपैकीं पांच रुपये पुन्हां मुद्दलांत घातले पाहिजेत. खर्चावयास उरतात ते दोन. म्हणजे ३,००० रुपयांच्या खर्चामागें १,५०,००० रुपयांचें मुद्दल हवें. ज्या घरास हें शक्य नसेल त्यानें खोट्या समाधानांत राहूं नये. थोडें मुद्दल आणि दरवर्षींची ठरलेली वर्गणी अशी जोड घालावी.

पैसा जमला तरी दुसरी अडचण उभी राहते, आणि ती पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ‘हें शेत आमच्या वडिलांच्या समाधीसाठीं कायमचें ठेवलें आहे’ असें मृत्युपत्रांत लिहिलें म्हणजे काम झालें, अशी समजूत आहे. ती समजूत कायद्यास मान्य नाहीं. सरस्वती अम्मल विरुद्ध राजगोपाल अम्मल या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५३ सालीं याचा निर्णय दिला. एका विधवेनें आपल्या पतीच्या समाधीच्या पूजेअर्चेसाठीं मिळकत कायमची अर्पण केली होती. न्यायालयानें असें ठरविलें कीं, खाजगी व्यक्तीच्या समाधीची पूजा हा हिंदु कायद्यानें मान्य केलेला धर्मादाय हेतु नव्हे. म्हणून तिच्यासाठीं मिळकत कायमची बांधून ठेवणें वैध नाहीं. ज्या संताच्या समाधीपाशीं सर्व लोक भजनपूजनास जमतात, तिची गोष्ट वेगळी.

हा निर्णय प्रथमदर्शनीं कठोर वाटतो. पतीच्या समाधीवर रोज दिवा लागावा, ही त्या स्त्रीची इच्छा कोणाच्याही अंतःकरणास भिडेल. परंतु प्रत्येक घरानें आपल्या मृतांसाठीं एकेक शेत कायमचें राखून ठेवलें, तर शंभर-दोनशें वर्षांत जिवंतांना कसावयास भुई कोठून उरावी? आधींच्या पिढीनें पुढच्या सर्व पिढ्यांचे हात बांधूं नयेत, हें यामागील तत्त्व आहे. खाजगी न्यास करतां येतो; पण त्यालाही काळाची मर्यादा आहे, आणि ती स्थूलमानानें हयात माणसांचें आयुष्य व त्यानंतरच्या एका अज्ञान वारसाचें सज्ञान होणें एवढ्यापुरती आहे. अनंत काळासाठीं मिळकत बांधावयाची मुभा फक्त लोकोपयोगी कार्यास आहे.

येथेंच खरा मार्गही दिसतो. इंग्लंडांतही खाजगी थडग्यासाठीं कायमचा न्यास चालत नाहीं. तेथें सर जेम्स टायलर नांवाच्या गृहस्थानें एका मिशनरी संस्थेस देणगी दिली आणि अट घातली कीं, आपल्या घराण्याचें थडगें नीट राखलें गेलें नाहीं, तर ती रक्कम दुसऱ्या एका धर्मादाय शाळेकडे जावी. १८९१ सालीं न्यायालयानें ती व्यवस्था ग्राह्य धरली, कारण पैसा सर्वथा लोककार्याचाच राहत होता. थडग्याची निगा ही संस्थेनें देणगी टिकविण्यासाठीं आपण होऊन करावयाची गोष्ट होती. हीच युक्ति आपल्याकडे जशीच्या तशी उचलावी असें नव्हे. त्यासाठीं जाणत्या वकिलाचा सल्ला हवा. पण तिच्यांतील मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मृताच्या नांवानें जिवंतांना कांहीं तरी द्यावें, म्हणजे जिवंत लोक मृताची आठवण ठेवतात. गांवच्या शाळेस वाचनालय, बाजाराच्या वाटेवर पाणपोई, आरोग्यकेंद्रास एखादें उपकरण, समाधीभोंवतीं सर्वांना विसाव्यासाठीं झाडें व बांकें, असें जें द्यावयाचें तें नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासामार्फत किंवा ग्रामपंचायतीच्या संमतीनें द्यावें. सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासले जातात आणि त्याची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. ही बंधनें त्रासाचीं वाटलीं तरी तींच त्याचें कवच आहेत.

इतकें मोठें पाऊल टाकण्याचें ज्यांना सामर्थ्य नाहीं, त्यांनींही तीन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली जमिनीची. वाटणीपत्र होतांना समाधीची जागा कोणाच्या वाट्यास, हें मोघम ठेवूं नये. मोजणी करून घ्यावी, चतुःसीमा लिहाव्यात, आणि तेथपर्यंत जाण्याच्या वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्तांत स्पष्ट करावा. पुष्कळदां जागा राहते पण वाट जाते, आणि नव्या मालकाच्या उभ्या धानांतून कोणी जाऊं देत नाहीं. शेत विकावयाचें झाल्यास ही जागा व वाट राखून ठेवण्याचा विचार विक्रीपूर्वीं व्हावा. विक्रीनंतरची विनवणी ही नव्या मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. लहान तुकड्यांच्या व्यवहारावर तुकडेबंदीच्या कायद्याच्या मर्यादा आहेत, म्हणून आधीं महसूल कार्यालयांत विचारपूस करून मगच खत लिहावें.

दुसरी गोष्ट माणसाची. ‘आम्ही सर्वजण पाहूं’ याचा अर्थ ‘कोणीच पाहणार नाहीं’ असा होतो. घरच्या देवाच्या पूजेची पाळी जशी भावाभावांत फिरते, तशी समाधीचीही पाळी लावावी. वर्षाचें नांव आणि माणसाचें नांव कागदावर असावें. या पाळींतून मुलींना वगळूं नये. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलासारखाच हक्क मिळाला आहे. जेथें हक्क तेथें कर्तव्यही आलें. शिवाय मुलगे शहरांत गेले असतांना, जवळच्या गांवीं दिलेली लेकच सणावारीं समाधीवर दिवा लावून जाते, असें अनेक घरांत दिसतें. तिला निर्णयांत स्थान नसावें आणि श्रमांत मात्र असावें, हें न्यायाचें नव्हे. गांवांत जो मनुष्य प्रत्यक्ष झाडलोट करतो त्याचा मोबदलाही ठरलेला व वेळेवर पोंचणारा असावा. जुन्या ओळखीच्या भिडेनें घेतलेलें काम फार दिवस टिकत नाहीं.

तिसरी गोष्ट नोंदीची. समाधि कोणाची, केव्हांची, कोणीं बांधली, तिच्यावर कोणतीं अक्षरें आहेत, दुरुस्ती केव्हां व कशी झाली, हें एका वहींत लिहून तिच्या प्रती सर्व शाखांत ठेवाव्यात. छायाचित्रें काढावींत. दक्षिण आशियांतील युरोपीय दफनभूमींसाठीं १९७६ सालीं इंग्लंडांत एक संस्था निघाली. दुरुस्तीस साह्य करण्याबरोबरच थडग्यांवरील लेख उतरून घेऊन ते छापून ठेवण्याचें कार्य तिनें हातीं घेतलें, कारण प्रत्येक दगड वांचविणें शक्य नसतें, पण त्यावरील अक्षरें वांचवितां येतात.

आतां दुरुस्तीविषयीं. भंडारा हा धानाचा मुलूख आहे. बांधींतील समाधि पावसाळ्याचे महिने पाण्याच्या शेजारीं उभी असते, आणि नदीकांठच्या गांवांना पुराचें भय निराळेंच. १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणानें वैनगंगेकांठचीं कित्येक गांवें उठविलीं. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुरानें भंडारा शहराचे सखल भागही पाण्याखालीं गेले. म्हणून ओट्याची पातळी धुऱ्याहून उंच असावी आणि भोंवतालचें पाणी वाहून जाण्यास उतार असावा. जुनें बांधकाम चुन्यांतलें असेल तर दुरुस्तीही चुन्यांतच करावी. चुन्यांतून ओल बाहेर पडूं शकते. वरून सिमेंटचा कठीण थर दिला म्हणजे ती आंत कोंडते आणि दगड-विटा आंतल्या आंत कुजतात. पिंपळाचें किंवा वडाचें रोप कोवळें असतांनाच काढावें; मुळें जाड झाल्यावर तीं ओढून काढूं गेल्यास मुळांबरोबर दगडही निखळतात. झिजलीं अक्षरें पुन्हां खोल कोरण्याऐवजीं मूळ लेख तसाच राहूं द्यावा आणि शेजारीं नवा फलक बसवावा.

हें सर्व आठवणीनें व्हावें म्हणून निराळें पंचांग काढावयास नको. विदर्भांत अक्षय्यतृतीयेस पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरतात. तो दिवस पावसाळ्याच्या सुमारें महिना-दीड महिना आधीं येतो, म्हणजे फटी बुजविण्यास व चर काढण्यास अगदीं योग्य वेळीं. भाद्रपदांतला पितृपक्ष पाऊस ओसरतांना येतो. काय खचलें, कोठें पाणी मुरलें, तें त्यावेळीं दिसतें. पितरांचे हे दोन दिवस पाहणीचे दिवस ठरविले तर धर्म आणि व्यवहार यांची सांगड आपोआप बसते.

पुरण्याची चाल असलेल्या समाजांत, उदाहरणार्थ लिंगायत, महानुभाव व दशनामी गोसावी यांच्यांत, समाधीची जागा अनेकदां समाजाच्या सामाईक भूमींत असते. ख्रिस्ती दफनभूमि चर्चच्या ताब्यांत असते आणि कबरस्तान बहुधा वक्फ असतें. तेथें कुटुंबाकडे जमिनीची मालकी नसते. म्हणून दुरुस्तीपूर्वीं व्यवस्थापकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि केवळ आपल्या थडग्यापुरतें न पाहतां सबंध आवाराच्या कुंपणास, पाण्यास व रखवालीस हातभार लावावा. पुण्यास खडकी येथें महायुद्धांतील सैनिकांची दफनभूमि आहे. तिची देखभाल करणारा आयोग १९१७ सालीं स्थापन झाला. तेथें सरदार आणि शिपाई यांच्या स्मृतिशिलांत भेद नाहीं आणि सर्वांची निगा एकत्रच होते. एकेकटें थडगें राखणें महाग पडतें. सबंध आवार राखलें कीं प्रत्येक थडगें राखलें जातें.

शेवटीं एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. प्रत्येक समाधि सर्वकाळ टिकणार नाहीं, आणि टिकलीच पाहिजे असा आग्रहही धरूं नये. घराणें विरळ झालें, जमीन गेली, कोणी पाहणारें उरलें नाहीं, तर दर पिढीस अपराधाचें ओझें वाहावयास लावण्यापेक्षां सर्व शाखांनीं एकत्र बसून निर्णय घेणें बरें. लेख उतरून घ्यावा, छायाचित्र काढावें, यथाविधि निरोप द्यावा, आणि त्या नांवानें गांवांत एखादें झाड लावून किंवा शाळेंत एखादें बक्षीस ठेवून मोकळें व्हावें. असा ठरवून दिलेला निरोप आणि बेफिकिरीनें झालेला नाश यांत फार अंतर आहे.

परंतु निर्णय कोणताही असो, त्याला मुहूर्त एकच आहे. ओटा कोणाचा, त्याच्या पायथ्याशीं आणखी कोण विसावलें आहे, वाट कोणत्या धुऱ्यावरून होती, हें सांगणारें एखादें वृद्ध माणूस बहुतेक घरांत अजून हयात असतें. दगड अजून पन्नास वर्षें उभा राहील. ती आठवण तितकी थांबणार नाहीं. येत्या अक्षय्यतृतीयेस वही आणि लेखणी घेऊन प्रथम त्या माणसाजवळ बसावें, आणि मग समाधीकडे जावें.